घनता-उंची: म्हैसूरच्या छोट्या विमानतळावरचा एक रविवार

विमान उडते कसे, हे तुम्ही मागच्या पाठांमध्ये पाहिले आहे. पंखाचा आकार, त्यावरून वाहणारी हवा, उचल आणि ओढ हे शब्द आता ओळखीचे झाले असतील. या पाठात एक वेगळा प्रश्न घेऊ. तेच विमान, तोच वैमानिक, तीच धावपट्टी. पण सकाळी सात वाजता विमान सहज उचलते आणि दुपारी तीनला जड वाटते. असे का होते? फ्लाइंग क्लबमध्ये सुटीच्या दिवशी फेरफटका मारायला जाणारे लोक पहाटेच उठून का निघतात, याचे उत्तरही यातच आहे. ऊन टाळणे हे त्यातले सर्वांत किरकोळ कारण आहे.

उदाहरणासाठी म्हैसूरचे विमानतळ घेऊ. शहराच्या दक्षिणेला, नंजनगुडच्या रस्त्यावर मंडकळ्ळी येथे ते आहे. १९४० च्या सुमारास म्हैसूर संस्थानाने ते उभारले. पुढे बरीच वर्षे तिथे प्रवासी विमानांची वर्दळ जवळजवळ नव्हती, आणि २०१० मध्ये नूतनीकरणानंतर सेवा पुन्हा सुरू झाली. धावपट्टी एकच आहे, पूर्व-पश्चिम, सुमारे १७४० मीटर लांब. एटीआरसारखी पंख्याची प्रवासी विमाने तिथे उतरतात. मोठ्या जेटना ती आखूड पडते. शिकाऊ विमानांना मात्र ती भरपूर आहे. आपल्या गणितात सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे विमानतळाच्या उंचीचा: समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० फूट, म्हणजे ७३० मीटर. (विमानशास्त्रात उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये मोजण्याची पद्धत आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. या पाठात दोन्ही एकके येतील, गोंधळू नका.)

हवा पातळ होते म्हणजे काय

उचल चार गोष्टींवर अवलंबून असते: हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंख हवेला कोणत्या कोनात भेटतो तो कोन. पंख बदलता येत नाही आणि कोनाला मर्यादा आहे. म्हणजे घनता कमी झाली, तर ती तूट वेगानेच भरून काढावी लागते. पण वेग देणार कोण? इंजिन. आणि तेही त्याच पातळ हवेतून श्वास घेते. टर्बोचार्जर नसलेल्या साध्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरावीक आकारमानाची हवा शिरते. हवा पातळ असेल तर त्या आकारमानात ऑक्सिजन कमी, म्हणून जळणारे इंधन कमी आणि ताकदही कमी. शिवाय प्रोपेलर हवा मागे ढकलून विमान पुढे नेतो, आणि ढकलायला हवाच कमी असली तर ओढही कमी मिळते. एकाच कारणाने पंख, इंजिन आणि प्रोपेलर असे तिघेही एकाच वेळी अशक्त होतात.

हवा पातळ होण्याची कारणे तीन. उंच गेल्यावर दाब कमी होतो. तापमान वाढले की हवा प्रसरण पावते. आणि हवेत बाष्प वाढले की ती हलकी होते. तिसऱ्या कारणाबद्दल एक गैरसमज हमखास आढळतो. दमट हवेत आपल्याला जडजड वाटते, म्हणून दमट हवा जड असेल असे वाटते. पाण्याच्या रेणूचे वजन १८ आणि कोरड्या हवेचे सरासरी २९. बाष्प हवेत शिरते तेव्हा जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात. म्हणून दमट हवा कोरडीपेक्षा हलकीच असते. हा परिणाम पहिल्या दोहोंच्या मानाने लहान आहे, त्यामुळे आपल्या गणितात तो सोडून देऊ. पण मुंबईच्या जूनमध्ये उड्डाण करणाऱ्याने तो अगदीच विसरू नये.

एका आकड्यात हवेची तब्येत

दाब आणि तापमान वेगवेगळे सांगण्यापेक्षा वैमानिक एकच आकडा वापरतात: डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे घनता-उंची. कल्पना साधी आहे. जगभर एक प्रमाण वातावरण मानले आहे. समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, तापमान १५ अंश सेल्सिअस, आणि दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरते. आज इथे असलेली हवा त्या प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडली असती? ती उंची म्हणजे घनता-उंची.

हिशोबाचा सोपा नियम असा:

घनता-उंची = दाब-उंची + १२० × (प्रत्यक्ष तापमान − त्या उंचीचे प्रमाण तापमान)

दाब-उंची म्हणजे अल्टिमीटरवर १०१३ लावल्यावर दिसणारी उंची. समुद्रसपाटीला आणलेला दाब १०१३ असेल, तर दाब-उंची आणि विमानतळाची उंची सारखीच. दाब एका हेक्टोपास्कलने कमी असेल तर सुमारे ३० फूट मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे.

आता मार्चमधला एक रविवार घ्या. म्हैसूरला मार्चमध्ये पहाट सुखद असते आणि दुपार तापते. दाब १०१३ धरू. २४०० फुटांवरचे प्रमाण तापमान १५ − ४.८, म्हणजे साधारण १० अंश.

सकाळी सातला तापमान २० अंश: २४०० + १२० × १० = ३६०० फूट.

दुपारी तीनला तापमान ३४ अंश: २४०० + १२० × २४ = ५२८० फूट.

हे दोन आकडे डोळ्यांसमोर आणायचे असतील तर असे आणा. चामुंडी टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १०६० मीटर, म्हणजे जवळजवळ ३५०० फूट. सकाळी मंडकळ्ळीच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला मिळते ती हवा प्रमाण वातावरणातल्या त्या माथ्याएवढ्या उंचीची. आणि दुपारची? कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर एक धावपट्टी बांधली आणि तिथे प्रमाण हवामान असले, तर विमानाची जी अवस्था होईल, जवळपास तीच मार्चच्या दुपारी म्हैसूरला होते. धावपट्टी जागची हलली नाही. हवा मात्र आठ तासांत सतराशे फूट वर गेली. घनतेच्या भाषेत, प्रमाण समुद्रसपाटीच्या तुलनेत सकाळी सुमारे १० टक्के तूट, दुपारी सुमारे १५ टक्के.

तक्ता काय सांगतो

फ्लाइंग क्लबांमध्ये सर्वांत जास्त दिसणारे चार आसनी विमान म्हणजे सेसना १७२. त्याच्या १८० अश्वशक्तीच्या १७२-एस या प्रकाराचे पुस्तक घेतले, तर पूर्ण वजन ११५७ किलो, कोरडी सपाट पक्की धावपट्टी, वारा शून्य, अशा स्थितीत समुद्रसपाटीला १५ अंशांवर ९६० फूट धावल्यावर चाके सुटतात आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडायला सुरुवातीपासून १६३० फूट लागतात. तक्त्यातल्या जवळच्या दोन ओळींमधून मंडकळ्ळीच्या उंचीचे आकडे काढले, तर सकाळी सुमारे १२४० आणि २१२० फूट येतात. दुपारी सुमारे १३७५ आणि २३५०.

इथे हुशार विद्यार्थी म्हणतो: २३५० फूट म्हणजे ७२० मीटरसुद्धा नाही, आणि धावपट्टी तर १७४० मीटर. मग काळजी कसली? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच म्हैसूर हे शिकायला चांगले उदाहरण आहे. लांब धावपट्टी चूक पोटात घालते. तीच चूक घेऊन तुम्ही आखूड पट्टीवर गेलात, तर ती पोटात घालायला जागा नसते. त्याच पुस्तकात तळटिपा आहेत, त्या वाचा: मागून वारा असेल तर दर दोन नॉटला अंतर १० टक्के वाढवा, कोरडे गवत असेल तर जमिनीवरच्या धावेच्या १५ टक्के वाढवा. मागून चार नॉटचा वारा तुमच्या गालाला जेमतेम जाणवतो, पण हिशोबात तो २० टक्के आहे. शिवाय तक्त्यातले आकडे नव्या विमानाचे आणि कसलेल्या चाचणी वैमानिकाचे असतात. क्लबचे विमान हजारो तास उडालेले, आणि आपण रविवारचे वैमानिक.

धावपट्टीवरच आणखी एक फसगत होते. हवेचा वेग दाखवणारे यंत्र प्रत्यक्ष वेग मोजत नाही, तर समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते. पातळ हवेत तोच दाब मिळायला विमान अधिक वेगाने जावे लागते. त्यामुळे म्हैसूरच्या दुपारी काट्यावर ५५ नॉट दिसतात तेव्हा जमिनीवर तुम्ही ५९ च्या आसपास धावत असता. बाजूचे दिवे नेहमीपेक्षा जोरात मागे पळताना दिसतात आणि हात आपोआप नाक उचलायला जातो. तसे करू नका. डोळ्यांना वेग पुरेसा वाटतो, पंखाला तो पुरेसा नसतो. अशा वेळी काट्यावरच विश्वास ठेवायचा. उतरतानाही हेच: काट्यावर नेहमीचा वेग, पण जमिनीवर जास्त, म्हणून थांबायला अंतर जास्त.

चामुंडीच्या दिशेने

धावपट्टी सुटली की खरी परीक्षा सुरू होते, आणि ती चढण्याची असते. मंडकळ्ळीहून चामुंडीचा माथा सुमारे ५ किलोमीटरवर, उत्तरेला, किंचित पूर्वेकडे आहे. विमानतळापेक्षा तो सुमारे ३३० मीटर, म्हणजे १०८० फूट उंच आहे. छोटी विमाने विमानतळाभोवती फेरी मारतात ती सामान्यतः जमिनीपासून १००० फुटांवर. आकडे शेजारी ठेवून पाहा: फेरीची नेहमीची उंची आणि टेकडीचा माथा जवळजवळ एकाच पातळीवर येतात.

आता एक काल्पनिक प्रयोग करू. (कोणीही शहाणा माणूस टेकडीच्या दिशेने सरळ चढत जात नाही. विमान कुठे वळवायचे ते नियंत्रण कक्षाकडून कळते. हे फक्त गणितासाठी.) धावपट्टी सोडल्यापासून माथ्यापर्यंत ५ किलोमीटर मिळाले असे धरा.

प्रमाण समुद्रसपाटीच्या हवेत सेसना मिनिटाला ७३० फूट चढते, ७४ नॉट वेगाने. ५ किलोमीटरला २ मिनिटे १२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात १६०० फूट उंची मिळते. माथ्यावरून ५०० फूट वरून जाल.

म्हैसूरला सकाळी चढण्याचा वेग मिनिटाला ६१० फुटांच्या आसपास. पातळ हवेमुळे प्रत्यक्ष वेग ७८ नॉट, म्हणून वेळही थोडा कमी मिळतो. उंची मिळते सुमारे १२६५ फूट. माथ्यावर १८५ फूट उरतात.

दुपारी मिनिटाला ५६५ फूट, प्रत्यक्ष वेग ८० नॉट. उंची सुमारे ११४० फूट. माथ्यावर उरतात ६० फूट. देवळाचे गोपुर अजून मोजलेले नाही.

आणि इंजिन जुने झाल्यामुळे चढण्याचा वेग ५०० वर आला असेल तर? दोन मिनिटांत १००० फूट. टेकडी १०८० फूट.

धावपट्टीवरच्या तक्त्यात सकाळ-दुपारचा फरक शंभर-सव्वाशे फुटांचा दिसत होता आणि तुम्ही तो हसण्यावारी नेला असता. चढताना तोच फरक १८५ चे ६० करतो. घनता-उंचीमुळे होणारे अपघात बहुधा असेच घडतात. विमान जमीन सोडते, म्हणून वैमानिकाला वाटते की सगळे ठीक आहे. मग समोरचा उंचवटा हळूहळू वर येत राहतो, वैमानिक नाक आणखी वर करतो, वेग उतरतो, आणि पंख उचल सोडतो. टेकडी दिसत असताना नाक खाली ठेवणे मनाला पटत नाही, पण तेच करावे लागते. आणि ती वेळ येऊच नये म्हणून वळायचे कुठे, हे जमिनीवर असतानाच ठरवून ठेवायचे.

जुहूला शिकलेला वैमानिक इथे आला तर त्याला आणखी एक सवय मोडावी लागते. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ चा, जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १९२९ मध्ये त्यांनी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. जुहू समुद्राच्या काठावर, उंची जवळपास शून्य. तिथे उड्डाणाच्या वेळी मिक्श्चरची दांडी पूर्ण पुढे, म्हणजे इंधनाचे प्रमाण जास्तीत जास्त, हे हाताला इतके सवयीचे होते की माणूस विचारच करत नाही. पातळ हवेत तेवढेच इंधन टाकले तर ते हवेच्या मानाने जास्त होते आणि आधीच घटलेली ताकद आणखी घटते. म्हणून उंचावरच्या विमानतळावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दांडी थोडी मागे घेऊन इंजिनाचे फेरे सर्वाधिक होतील अशी जुळवणी करायची. फुकट मिळणारी ताकद आहे ही, आणि विसरली जाते.

कोण खाली राहणार

हवेवर आपला ताबा नाही. वेळ आणि वजन मात्र आपल्या हातात आहे. वेळेचे पाहिले, आता वजन.

समजा तुमच्या ओळखीच्या वैमानिकाने तुम्हा तिघांना कृष्णराज सागर धरणावरून फिरवून आणायचे कबूल केले आहे. (खासगी परवान्यावर प्रवाशांकडून भाडे घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.) धरण मंडकळ्ळीहून सरळ रेषेत सुमारे २३ किलोमीटर, १०० नॉटने सात-आठ मिनिटांचा रस्ता. वाटेत श्रीरंगपट्टणचे बेट दिसते. रंगनथिट्टूच्या बाजूला मात्र खाली जायचे नाही. चित्रबलाक आणि झोळीवाल्या पक्ष्यांशी हवेत गाठ पडणे दोघांनाही परवडणारे नाही. सगळे मिळून तासाभराचे उड्डाण.

विमानात चार आसने आहेत, माणसे चार आहेत. चालेल? रिकाम्या विमानाचे वजन ७६० किलो धरू. कमाल ११५७. उरले ३९७. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारे इंधन २०० लिटर. विमानाचे पेट्रोल लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १४४ किलो. उरले २५३. आता माणसे: ७५, ७५, ८० आणि ८५. बेरीज ३१५. म्हणजे ६२ किलो जास्त, आणि डब्याची पिशवी अजून गाडीतच आहे.

चार आसने म्हणजे चार माणसे नव्हेत. गाडीची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. "टाकी फुल्ल करा" ही सवयही गाडीचीच. इथे उपाय सोपा आहे: ६२ किलो म्हणजे ८६ लिटर इंधन कमी भरायचे. राहतात ११४ लिटर. तासाला ३५ लिटर धरले तरी तीन तासांहून जास्त पुरेल, तासाभराच्या फेरीला आणि राखीव साठ्याला भरपूर. पण टाक्या कालच कोणी काठोकाठ भरून ठेवल्या असतील तर? तेव्हा एक माणूस खाली राहतो. कोणी राहायचे हा संकोचाचा प्रश्न असतो आणि संकोचापोटी लोक वजन कमी सांगतात. चांगल्या क्लबमध्ये वजनकाटा ठेवलेला असतो आणि पाहुण्यांना त्यावर उभे करतात. कोणी तुम्हाला उभे केले तर वाईट वाटून घेऊ नका.

दोन आसनी सेसना १५२ मध्ये तर हिशोब आणखी तंग. कमाल वजन ७५७ किलो. रिकामे विमान ५२० धरले आणि टाकी पूर्ण भरली, ९८ लिटर म्हणजे ७१ किलो, तर उरतात १६६. नव्वद-नव्वद किलोचे दोघे त्यात बसत नाहीत.

आणि लक्षात घ्या, वर काढलेले दुपारचे सगळे आकडे कमाल वजनाचे होते. वजन १० टक्क्यांनी कमी केले तर धाव त्याहून जास्त प्रमाणात कमी होते आणि चढण्याचा वेग वाढतो. दुपारीच उडायची वेळ आली तर दोघांनाच घेऊन जावे, बाकीच्यांनी दुसऱ्या फेरीत जावे. फेऱ्या दोन होतील, खर्चही वाढेल. माझ्या मते तो खर्च योग्य आहे.

दुपारच्या हवेचे एक कौतुक मात्र केले पाहिजे. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे हवेचे झोत छोट्या विमानाला गचके देतात, पोटात ढवळून काढतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यातूनच वळवाचे ढग उभे राहतात. पण ज्याला इंजिनच नाही त्या ग्लायडरला हेच झोत वर नेतात. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग शिकणारे दुपारची वाट पाहायचे, ती म्हणूनच.

स्वाध्याय

१. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची उंची सुमारे १०३० फूट आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंश, दाब १०१३. घनता-उंची काढा. (उत्तर: प्रमाण तापमान साधारण १३ अंश; १०३० + १२० × ३२ = ४८७० फूट. म्हैसूरच्या मार्चमधल्या दुपारशी तुलना करा.)

२. म्हैसूरला तापमान ३० अंश आणि समुद्रसपाटीला आणलेला दाब १००७ हेक्टोपास्कल आहे. आधी दाब-उंची, मग घनता-उंची काढा. (उत्तर: २५८० फूट, सुमारे ५००० फूट.)

३. वरच्या उदाहरणातल्या चौघांनी दुपारी चारला परत यायचे ठरवून सकाळी बंगळुरूच्या जक्कूरला जायचे ठरवले. परतीच्या उड्डाणासाठी कोणकोणते आकडे नव्याने काढावे लागतील, त्यांची यादी करा. चौघांपैकी कोणी बसने परतावे का, ते कारणासह लिहा.